हॉलला ग्रे रंग दिला आणि आता रोज संध्याकाळी पस्तावतेय

गिरणाकाठची:
बरीच वर्षं इथे नुसती वाचतेय, पहिल्यांदाच धागा काढतेय आणि तोही रडगाण्याचा, सांभाळून घ्या.

आम्ही जळगावला. घर चौदा वर्षांचं. हॉलला आधी सगळ्यांकडे असतो तसा आयव्हरी होता, सोफ्याच्या मागे तेल लावलेल्या डोक्यांचे गोल डाग, स्विचबोर्डाभोवती काळं आणि पोराने पेन्सिलीने काढलेली पंधरा डब्यांची रेल्वे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मोठी नणंद चार दिवस येणार आहे, तीन वर्षांनी येतेय, म्हणून मार्चमध्ये ठरलं की रंगकाम काढू.

कोणता रंग यावरून आठवडाभर महाभारत झालं. सासूबाईंना पिस्ता, सासऱ्यांना आहे तोच, नवऱ्याला कोणताही पण लवकर. मी महिना दीड महिना मोबाईलवर फोटो बघून बघून डोक्यात एकच बसवून घेतलं होतं, हलका गरमसर ग्रे, त्यावर पांढरं सीलिंग, कोपऱ्यात कुंडी. दुकानात शेडकार्डावर नखाएवढा चौकोन बघितला आणि म्हटलं हाच. पेंटरदादा बिचारे म्हणत होते, ताई एक हात मारून दाखवतो भिंतीवर, दोन दिवस बघा मग ठरवा. मी म्हटलं नको, ठरलंय. हे वाक्य आता मला झोपेत ऐकू येतं.

हॉल १२ बाय १६, पॅसेज धरून पुट्टी, प्रायमर, दोन हात, मजुरी सगळं मिळून २८,००० गेले. पहिला हात ओला होता तोपर्यंत अगदी फोटोसारखा दिसत होता हो. संध्याकाळी वाळला, ट्यूब लावली आणि भिंत जांभळी! जांभळट पण नाही, जांभळीच. सकाळी परत ग्रे होते, पण कसा ग्रे, तर दूधवाला दारातून डोकावून म्हणाला, "वहिनी, प्लास्टर अजून ओलंच का?" सासूबाई म्हणाल्या, "व माय, हे तं भाजेल वांग्याचं साल दिसून राहिलं." खान्देशातल्या माणसाने भरताच्या वांग्याची उपमा दिली की त्यावर अपील नसतं.

खरी अडचण रंगाची नाहीच. मी भांडून घेतलाय हा रंग. त्यामुळे वाईट दिसतो असं म्हणायची मला सोय नाही. पाहुणे आले की मीच आधी म्हणते, छान वाटतंय ना? आणि ते हो हो म्हणत चहाकडे बघतात.

तर सवय होते का? का परत रंगवू? आखाजीला अजून पाच आठवडे आहेत.

तापीबाई:
दूधवाल्यावर फुटले गं, सॉरी. मी पाचोऱ्याची, दोन वर्षांपूर्वी किचनला केशरी दिला होता, टेस्टी वाटेल म्हणून. पोळ्या लाटताना डोकं चढायचं. नवरा म्हणायचा, झेंड्याच्या आत बसून जेवल्यासारखं वाटतं. सहा महिन्यांनी बदलला. सवय बिवय काही होत नाही, खोटं आहे ते.

खान्देशी भो:
ताई टेन्शन ल्यू नका. कलर चांगलाच राही, लाईट बेकार शे. ट्यूब बदली दखा पहिले. इतला खर्च करीसन परत खर्च कशाले?

डबा रोलर:
धुळ्यात माझं रंगाचं दुकान आहे, वीस वर्षं झाली, हा किस्सा महिन्यातून दोनदा ऐकतो त्यामुळे रागावत नाही. काही गोष्टी सांगतो.

पहिली, शेडकार्डावरचा चौकोन आणि भिंत यांचं नातं काका-पुतण्याचं असतं, बाप-लेकाचं नाही. भिंत मोठी असते आणि चार भिंती एकमेकींवर तोच रंग फेकतात, त्यामुळे तोच शेड खोलीत एकदोन नंबर गडद आणि जास्त भडक वाटतो. कार्डावर आवडला त्याच्यापेक्षा एक पायरी फिका घ्या, हे मी प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगतो आणि दहातले आठ ऐकत नाहीत.

दुसरी, इमल्शन ओलं असताना फिकं दिसतं, वाळलं की थोडं गडद होतं. तुम्ही ओल्या हातावर खूष झालात तिथेच फसलात.

तिसरी, शुद्ध ग्रे असा कार्डावर फार क्वचित असतो. मशीनमध्ये बेस ठेवला की काळ्याबरोबर थोडा लाल, थोडा पिवळा, नाहीतर निळा असे थेंब पडतात. ज्याला गरम ग्रे म्हणतात त्यात बहुतेक वेळा लालसर किंवा पिवळसर थेंब असतो. त्यावर तुमची नेहमीची पांढरीफेक ट्यूब, म्हणजे ६५०० केल्व्हिनची, पडली की तिच्यातला निळा आणि रंगातला लाल मिळून जांभळा डोकावतो. ट्यूबच्या खोक्यावर बघा, कूल डेलाइट लिहिलेलं असेल. दोनतीनशे रुपयांत ४००० ची नॅचरल व्हाइट नाहीतर ३००० ची वॉर्म आणून एक रात्र लावा. २८,००० च्या आधी तीनशे घालवून बघायला काय हरकत आहे. मात्र सगळ्या ट्यूब एकदम बदला, एक पांढरी एक पिवळी ठेवलीत तर भिंत अर्धी अर्धी दिसेल.

आणि कंपन्यांच्या साइटवर शेडच्या नंबरासोबत एलआरव्ही म्हणून आकडा देतात, भिंत किती उजेड परत फेकते त्याचा. ० म्हणजे काळाकुट्ट, १०० म्हणजे पांढऱ्याची हद्द. तुमचा किती आहे बघून सांगा.

गिरणाकाठची:
बघितला. ४७.

डबा रोलर:
मग हलका नाहीच हो तो. निम्म्याहून जास्त उजेड भिंत गिळतेय. मोबाईलवरच्या फोटोत खोलीला काचेची भलीमोठी खिडकी असते, आपल्याकडे उन्हाच्या भीतीने खिडकी तीन बाय चारची आणि वर छज्जा. आपल्या हॉलला ६५ च्या पुढचा शेड घ्यायचा.

भुसावळ जंक्शन:
मी रेल्वेत होतो, आता निवृत्त. आयुष्य क्वार्टरमध्ये गेलं, तिथे रंग निवडायचा प्रश्नच नव्हता, जो साहेबाला तोच खलाशाला. गावाकडे मात्र धाब्याचं घर होतं, तिथलं सांगतो. दिवाळीच्या आधी आई कळीचा चुना आणायची, अर्ध्या कापलेल्या पिंपात टाकून पाणी सोडायचं, तो असा खदखदून उकळायचा की आम्हा पोरांना दहा हात लांब उभं करायची. रात्रभर मुरू द्यायचा, सकाळी फडक्याने गाळायचा, चिमूटभर नीळ, थोडा डिंक, आणि कुंच्याने भिंतीला. लावताना काही दिसायचंच नाही, नुसती भिंत ओली झाल्यासारखी. आम्ही रडवेले व्हायचो की बसला नाही चुना. जेवून आलो की भिंत पांढरीशुभ्र! वर कोणीतरी सांगितलं ना इमल्शन वाळून गडद होतं, चुन्याचं नेमकं उलटं. खाली गुडघाभर गेरूचा पट्टा, म्हणजे सारवताना उडालेलं दिसत नाही. पस्तावायला वावच नव्हता, आणि पस्तावलात तरी पुढच्या दिवाळीला नवा चुना.

तुमचे २८,००० ऐकून घसा कोरडा पडला. काय गरज होती? आयव्हरी काय वाईट होता? मोबाईलवर बघून घरं रंगवायची आणि मग लोकांना विचारायचं.

तापीबाई:
काका, किस्सा भारी होता, शेवटचे दोन वाक्यं नसते तरी चाललं असतं.

भुसावळ जंक्शन:
वयाचा दोष समजा.

शेवभाजी विथ कळण्याची भाकर:
धाग्याला अवांतर, पण कळीच्या चुन्यावरून एशियन पेंट्सच्या जाहिरातीतला गट्टू आठवला. हातात ब्रश आणि रंगाचा डबा घेतलेला तो खट्याळ पोरगा, कपाळावर केस. आर. के. लक्ष्मणांनी १९५४ साली काढला होता तो. आमच्या नंदुरबारच्या घरी त्याच्या रिकाम्या डब्यात वीस वर्षं ज्वारी होती. चालू द्या.

केळीबागायतदार:
रावेर. ग्रेने घर तापतं म्हणतात ते खरं का? आमच्या वहिनीने मुद्दाम पांढरा लावलाय आतून. यंदा परत ४५ च्या वर जाणार.

डबा रोलर:
आतल्या भिंतीच्या रंगाने तापमानात सांगण्यासारखा फरक पडत नाही भाऊ. ऊन पडतं ते गच्चीवर आणि पश्चिमेच्या भिंतीवर बाहेरून. पांढरं करायचंय तर गच्ची करा, चुना नाहीतर तयार मिळतं ते उष्णता परतवणारं कोटिंग. आत काळा जरी दिलात तरी पंखा तितकाच गरम वारा फेकणार.

पिवळी भिंत चाळीसगाव:
मी कलर कन्सल्टंट वगैरे काही नाही पण व्हॉट्सॲपवर आलं होतं की ग्रेने घरात वाद होतात.

गिरणाकाठची:
आमच्याकडे वाद ग्रेच्या आधीच झाले.

प्रयोगवही:
मी अमळनेरला शाळेत विज्ञान शिकवतो. ताई, एक विचारू? हॉलमध्ये ग्रे सोडून दुसरं मोठं काय आहे? म्हणजे पडदे, सोफा, गालिचा, लाद्या कोणत्या रंगाच्या? फोटो नको, नुसतं सांगा.

गिरणाकाठची:
लाद्या पांढरट. सोफा सागाचा, त्यावर मरून कव्हर. पडदे सोनेरी पिवळे, चकाकणारे, आपल्या हळदीपेक्षा एक पायरी भडक, जमिनीपर्यंत लांब. सासूबाईंनी सुरतेहून आणलेत. त्यांच्या भावाच्या मुलाच्या लग्नाला गेल्या होत्या तेव्हा खास बाजारात फिरून, घासाघीस करून, मांडीवर धरून पॅसेंजरने आणले. जो येईल त्याला भाव सांगतात आणि ओळखा म्हणतात.

प्रयोगवही:
सापडलं बहुतेक. भिंत जांभळी दिसते त्याचं निम्मं पाप ट्यूबचं असेल, निम्मं या पडद्यांचं.

जरा लांबून सांगतो. पॅरिसला गोबेलिन्स नावाचा गालिचे-पडदे विणायचा जुना सरकारी कारखाना. तिथे शेवरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून रंगखात्याचे प्रमुख. विणकरांची तक्रार यायची की काळं सूत नीट रंगत नाही, निळ्या-जांभळ्या कापडाची सावली दाखवायला वापरलं की फिकं आणि मळकं दिसतं. त्यांनी सूत तपासलं, इतर ठिकाणच्या काळ्या सुताशी ताडून बघितलं, तर सुतात दोष काही नाही. दोष शेजाऱ्याचा! कोणताही रंग आपल्या शेजारच्या रंगाला आपल्या विरुद्ध बाजूला ढकलतो, म्हणजे डोळ्याला तसं भासतं. १८३९ साली त्यांनी यावर जाडजूड ग्रंथ छापला आणि पुढे चित्रकारांनी तो डोक्यावर घेतला. स्वतः १०२ वर्षं जगले, म्हणजे तक्रारी ऐकून कोणी लवकर मरत नाही असं मी स्टाफरूममध्ये सांगत असतो.

आता तुमच्या हॉलकडे या. पिवळ्याचा विरुद्ध रंग जांभळा. ग्रे सगळ्यात बिचारा, त्याला स्वतःचं मत नसतं, शेजारी जिकडे ढकलेल तिकडे जातो. त्यात भडक पिवळे पडदे जमिनीपर्यंत. पिस्ता दिला असता तर तो एवढा हलला नसता.

करून बघा. पांढऱ्या ड्रॉइंग पेपरला मध्ये एक इंचाचं भोक पाडा, रात्री ट्यूब चालू ठेवून एक डोळा मिटून त्या भोकातून फक्त भिंत बघा, पडदा डोळ्यात येऊ द्यायचा नाही. मग कागद बाजूला करून पडद्यासकट बघा. फरक दिसला तर मी बरोबर, नाही दिसला तर मी मास्तर.

तापीबाई:
सर, तुम्ही तिचं लग्न मोडणार. भिंतीपेक्षा पडदे काढणं अवघड आहे हे कळलं नाही का तुम्हाला? सुरतेचे आहेत!

प्रयोगवही:
ते माझ्या अभ्यासक्रमात नाही.

गिरणाकाठची:
केलं. रात्री साडेअकराला सगळे झोपल्यावर कागदाला भोक पाडून हॉलच्या मधोमध एक डोळा मिटून उभी होते. सासरे पाणी प्यायला उठले, माझ्याकडे बघितलं, काही न बोलता पाणी प्याले आणि परत गेले.

सर, तुम्ही बरोबर. भोकातून बघितलं तर ग्रे, थोडी लाली आहे पण ग्रेच. कागद काढला की दोन क्षणांत पडद्याच्या कडेची भिंत जांभळी होते, आणि लांबच्या टीव्हीच्या भिंतीवर तेवढी नाही. मी पाचसहा वेळा केलं, प्रत्येक वेळी तेच. म्हणजे एवढे दिवस मी त्या शेडच्या नंबराला शिव्या घालत होते.

आता पडद्यांचं काय करू? त्यांना सांगू की तुमच्या पडद्यांमुळे माझा रंग बिघडला? आत्ताच कुठे वांग्याचं साल म्हणायच्या थांबल्यात.

गौराई:
पडदे धुवायला काढ गं. उन्हाळा आहे, आखाजी आहे, पाहुणे येणार आहेत, कोणत्या सासूला पडदे धुतले म्हणून राग येणारे? चार दिवस नुसती खिडकी राहू दे आणि तू तोंडातून चकार शब्द काढू नको. बघ काय होतं.

खान्देशी भो:
हाई चांगलं सांगं! डोकं शे बहीणनं.

भुसावळ जंक्शन:
लबाडी आहे ही. पण चालेल. पूर्वी आमच्याकडे आजीला न पटणारी वस्तू अशीच धुवायला जायची आणि धाब्यावरून माकडांनी नेली असं सांगायचे.

चोपडेकर:
माझा पण प्रश्न आहे, वेगळा धागा काढत नाही. भर दुपारी पेंटर कामाला होते, ४२ डिग्री, आता पश्चिमेच्या भिंतीवर तिरक्या उजेडात उभे पट्टे दिसतात, रोलर जिथे जिथे टेकला तिथे तिथे. तो म्हणतो वाळल्यावर जाईल. महिना झाला, वाळायचं काय राहिलं आता?

डबा रोलर:
जाणार नाहीत. गरम भिंतीवर रंग टेकल्या टेकल्या सुकतो, पुढचा पट्टा ओढेपर्यंत आधीच्याची कड वाळलेली असते आणि त्यावर दुसरा थर चढतो, तो जोड दिसतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पश्चिमेची भिंत सकाळी सात ते अकरातच घ्यायची, आणि एक भिंत एका दमात संपवायची, मध्ये चहा नाही. काहीजण लवकर सुकतं म्हणून पाणी वाढवतात, ते आणखी वाईट, रंग पातळ होऊन झाकतच नाही. पाणी डब्यावर लिहिलेल्या मापानेच. तुमच्यासाठी उपाय एकच, बारीक पॉलिशपेपर मारून, पुसून, सकाळी एक पूर्ण हात. सगळ्या घराला नको, तेवढ्या भिंतीला, पण भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मध्येच ठिगळ लावलंत तर दोनाचे चार पट्टे होतील.

गिरणाकाठची:
थांबा, हे माझ्याकडे पण आहे! टीव्हीमागे. मला वाटलं सावली आहे.

शेवभाजी विथ कळण्याची भाकर:
ताई, तुम्ही हा धागा वाचणं बंद करा, रोज एक नवीन सापडतंय.

फैजपूरचा:
परत रंगवायचंच ठरलं तर उरलेला ग्रे आहे का? त्यात पांढरा मिसळून फिका करता येईल का? आमच्याकडे तसं केलं होतं, आठवत नाही कसं झालं.

गिरणाकाठची:
आहे ना, तीन लिटर. पेंटरदादांनी दहाची बादली आणायला लावली होती.

डबा रोलर:
मिसळता येतो, त्याच कंपनीचा, त्याच दर्जाचा पांढरा घ्या. मात्र लागेल तेवढा सगळा एकदाच मोठ्या बादलीत कालवून ठेवा, अर्ध्यात संपला तर तो शेड ब्रह्मदेवाला परत बनवता येणार नाही. फिका होईल, पण आतली लाली तीच राहील, फक्त कमी. आणि पुढच्या वेळेला हिशोब करून रंग आणा. तुमचा हॉल १२ बाय १६, उंची १० धरली तर चार भिंती ५६० चौरस फूट, दारं-खिडक्या वजा करून ४८० च्या आसपास. पुट्टी केलेल्या भिंतीला चांगलं इमल्शन दोन हातात लिटरला १३० फूट तरी जातं. म्हणजे चार लिटर. पॅसेजला दोन. दहा कशाला?

गिरणाकाठची:
कशाला ते आता कळलं.

(नऊ दिवसांनी)

गिरणाकाठची:
अपडेट देते, मोठं आहे.

ट्यूब बदलल्या, दोन्ही ४००० च्या. त्याच रात्री निम्मा जांभळा गेला. नवरा म्हणाला, "आज काहीतरी बरं दिसतंय, तू केस कापलेस का?" असो.

दुसऱ्या दिवशी पडदे धुवायला काढले. सासूबाई स्वतः मदतीला, बादलीत भिजवताना हे चमक जाईल, हाताने धू, मशीनला नको, अशा सूचना. हॉलची खिडकी उघडी राहिली, बाहेरच्या कडुलिंबाची हिरवी झाक आत आली आणि भिंत, खरं सांगते, फोटोतल्यासारखी. मी गप्प. अगदी गप्प. दुपारी सासूबाई भुईमुगाच्या शेंगा फोडत हॉलमध्ये बसल्या होत्या, चारपाच वेळा भिंतीकडे बघितलं, मग म्हणाल्या, "रंग उतरून राहिला का गं? आता डोळ्याला बरा लागतो." मी म्हटलं, वाळायला वेळ लागतो आई. सर, माफ करा, विज्ञानाचा खून केला.

तिसऱ्या दिवशी पडदे वाळून, इस्त्री होऊन तयार. मी तशाच घड्या पलंगावर ठेवल्या, लावले नाहीत. संध्याकाळी बघते तर त्यांनी स्टुलावर चढून स्वतःच्या खोलीला लावले! त्यांच्या खोलीला तोच जुना आयव्हरी आहे, त्यावर ते सोनेरी पडदे झक्क दिसतात. म्हणे हॉलमध्ये पोरं हात पुसतात, नणंद येणार, तिची दोन, आपलं एक, माझे पडदे मी जपते. हॉलला मी साधे ऑफव्हाइट मांजरपाटाचे शिवून घेतले गल्लीतल्या टेलरकडून.

टीव्हीची भिंत राहिली होती. पेंटरदादांना बोलावलं, आधी म्हणाले सावली आहे, मी मोबाईलचा टॉर्च भिंतीला चिकटवून तिरका मारून दाखवला, मग हसले. सकाळी साडेसहाला आले, अकराच्या आत एक हात एका दमात. मजुरीचे पैसे घेतले नाहीत, फक्त म्हणाले, ताई, पुढच्या वेळेला नमुना मारू द्या. मी म्हटलं, दादा, मी स्वतः तुमच्या हातात ब्रश देईन.

प्रयोगवही:
भिंत वाळायला तीन आठवडे लागतात हे पेपरात लिहिलंत तर शून्य देईन. बाकी पूर्ण गुण.

पुढच्यांसाठी एक लिहून ठेवतो. नमुना भिंतीवर मारायचा तर जुन्या रंगावर नको, प्रायमरच्या पांढऱ्यावर मारा, निदान दोन फूट बाय दोन फूट. त्यापेक्षा जाड पुठ्ठ्याला पांढरा प्रायमर लावून त्यावर दोन हात द्या, म्हणजे तो पडद्याजवळ, सोफ्यामागे, खिडकीसमोर असा फिरवता येतो. आणि सकाळ, दुपार, ट्यूब, तिन्ही वेळी बघा.

डबा रोलर:
त्यासाठी २०० मिलीचा छोटा डबा मिळतो, सगळ्या शेडचा नाही, पण विचारा. आम्ही स्वतःहून सांगत नाही हे खरं आहे, गर्दीत राहून जातं.

तापीबाई:
सासूबाईंनी पडदे स्वतःच नेले! गौराईला पुरणपोळी द्या कोणीतरी.

गौराई:
खापरावरची द्या.

(आखाजीनंतर)

गिरणाकाठची:
नणंद येऊन गेली. झोका बांधला होता, सांजोऱ्या झाल्या, आमरस झाला, पोरांनी नव्या भिंतीला रसाचा पंजा लावून झाला, तो पुसल्यावर गेला. ग्रेचा एक फायदा.

पहिल्याच दिवशी ती दारात उभी राहून म्हणाली, "अरे वा, रंग कोणी निवडला?" मी तोंड उघडायच्या आत सासूबाई, "मीच सांगत होते हिला, फिका घे, डोळ्याला थंड पाहिजे." नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी सांजोरी तोंडात कोंबली.

आता तिला शेडचा नंबर हवाय, तिच्या नाशिकच्या फ्लॅटसाठी. व्हॉट्सॲपवर पाठवला आणि खाली लिहिलं की आधी पुठ्ठ्यावर मारून बघा ताई. तिचं उत्तर आलं, "नको गं, तुमच्याकडे बघितलाय ना, ठरलंय."

डबा रोलर:
तिच्या पडद्यांचा रंग विचारा आधी.

गिरणाकाठची:
विचारला. मोरपंखी.

प्रयोगवही:
मग हा ग्रे तिच्याकडे लालसर दिसणार. नवीन धागा तिकडून येईल.

भुसावळ जंक्शन:
उरलेल्या तीन लिटरचं काय केलं ते सांगा. माझं लक्ष तिकडे आहे.

गिरणाकाठची:
नवरा म्हणतोय रविवारी गेट रंगवतो त्याने.

डबा रोलर:
गेट लोखंडी आहे ना? थांबवा त्यांना!! भिंतीचं इमल्शन लोखंडाला नाही चालत, पहिल्या पावसात पापुद्रे निघतील आणि खालून गंज. आधी रेडऑक्साइड, मग ऑईलपेंट. तीन लिटरचं झाकण गच्च लावून सावलीत ठेवा, पोरं तीन आहेत म्हणालात ना, टचअपला लागेल.

गिरणाकाठची:
आता ट्यूब बंद करून खाली जाते, त्याने आजच पॉलिशपेपर आणलाय.